कानाला हात पोचला पाहिजे

आमच्या गावात शाळेची बातमी कागदावर यायची नाही, हलगीवर यायची. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की चावडीचा कोतवाल गळ्यात हलगी अडकवून निघायचा. मारुतीच्या पारापासून सुरुवात, मग सुतारआळी, मग आमची गल्ली, शेवटी वेशीबाहेरची वस्ती. शेवगावच्या बाजूचं आमचं गाव माळावरचं, वाचता येणारी माणसं थोडी, त्यामुळे शाळेच्या फळ्यावर सूचना लिहून उपयोग नसायचा. हेडमास्तर सूचना कोतवालाला तोंडी सांगायचे आणि कोतवाल त्या घरोघर पोचवायचा. वाटेत दोन-चार स्वतःच्याही घालायचा.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची दवंडी मला अजून पाठ आहे. पुढे मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, किती परिपत्रकं आली नि गेली, एकाचंही वाक्य आठवत नाही. ही मात्र हलगीच्या ठेक्यासकट आठवते.

"ऐका हो ऐका! येत्या सोमवारपास्नं शाळा भरनार हाय हो! पोरांची नखं काढा, डोस्की धुवा! बसायला ज्यानं त्यानं आपलं पोतं आनायचं! ज्यांनी देवीची लस टोचली न्हाई त्यांनी दंड दाखवाय यायचं! पैलीत घालायचं पोर पाच वर्साचं पायजे, हात कानाला पोचला तरच घेनार! आन् कुन्या बी पोरीनं धाकटं भावंड कडंवर घिऊन शाळंत यायचं न्हाई! येकदा सांगितलं, दोनदा सांगनार न्हाई! आन् सुताराची शेळी हारवली हाय, दिसली तर चावडीवर आना हो!"

दोनदा सांगणार नाही म्हणाला आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन सगळं पुन्हा सांगितलं.

मी दारात बाजरी निवडत बसले होते आणि माझ्या मांडीवर माझा धाकटा भाऊ बसला होता. शेवटून दुसरी सूचना ऐकली आणि माझे हात थांबले. कारण ती सूचना आमच्यासाठीच होती.

दुसरीपासून मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जात होते. आई-दादा रानात. दादा म्हणजे माझे वडील. घरी दुसरं कुणी नाही, मग पोर सांभाळणार कोण? एका काखेत पाटी, दुसऱ्या कडेवर भाऊ. तो माझ्या शेजारी पोत्यावर बसायचा, पाटीवरची पेन्सिल खायचा, आणि पाढे सुरू झाले की झोपायचा. पाढे ऐकून इतकी गाढ झोप लागणारं दुसरं पोर मी पुढच्या सगळ्या नोकरीत बघितलं नाही. आमच्या शाळेत असं भावंड घेऊन येणाऱ्या पाच-सहाजणी होत्या. आधीचे गुरुजी काही म्हणायचे नाहीत. मग नगरकडून बदलून नवे हेडमास्तर आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मिशी बारीक, आणि नियम म्हणजे नियम. तरी तेही दोन-तीन महिने गप्प होते. पण परीक्षेच्या आधी तपासणीला साहेब आले, आणि साहेबांनी ओसरीवर काढून ठेवलेल्या बुटात माझ्या भावानं मनसोक्त शू केली. दुसरा बूट कोरडा होता, पण एका कोरड्या बुटाचं साहेब तरी काय करणार? अनवाणी जीपपर्यंत गेले.

त्या बुटातून ही दवंडी निघाली होती.

संध्याकाळी आई रानातून आली. तिनं वाटेतच ऐकलं होतं.

"झालं. मंग आता तू घरी," ती म्हणाली. रागानं नाही, सहज म्हणाली, त्याचाच मला जास्त राग आला.

"आन् माझी चवथी?"

"चवथी कुटं पळून चाललीय? ह्यो जरा मोटा झाला की जा."

"मोटा कदी व्हनार?"

"व्हईल की. पोरं काय तशीच ऱ्हात्यात व्हय?"

दादा दोरी वळत बसले होते. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते आईलाही कधी कळायचं नाही.

'जरा मोठा झाला की' म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या शेजारची एकजण, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, अशीच भावासाठी वर्षभर घरी राहिली होती. वर्षभराचं दुसरं वर्ष झालं, आणि त्याच वैशाखात तिच्या लग्नात मी बुंदी खाल्ली होती. बुंदी चांगली होती. पण घरी राहिलेली पोरगी शाळेत परत आल्याचं मी काही बघितलं नव्हतं.

आणि मला चौथी हवीच होती. खरं सांगायचं तर विद्येची ओढ वगैरे काही नव्हती, ते नंतर भाषणात सांगायला शिकले. आमच्या शाळेच्या कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तोच टोल. तो वाजवायचा मान चौथीचा. पहिलीपासून मी त्या टोलाकडे बघत आले होते. माझ्या हातानं टोल पडला की सगळी शाळा उठते, सगळी शाळा बसते, गुरुजीसुद्धा खडू खाली ठेवतात! त्या वयात याहून मोठी सत्ता मला माहीत नव्हती.

रात्री जेवताना मला वाट सापडली. कडेवरचं पोर शाळेत चालणार नाही, पण पहिलीतलं पोर तर चालेल? भावालाच पहिलीत घातलं तर? आता प्रश्न एवढाच होता की तो नुकताच चार सरून पाचव्यात आलेला.

पण तेव्हा जन्मतारखा कुणाकडे होत्या? "थोरल्या गाईला कालवड झाली त्याच्या आगंमागं," अशी आमची जन्मतारीख. म्हणून गावोगाव एकच माप होतं. पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. धरता आला तर पाच वर्षं पुरी. नाही आला तर पुढच्या वर्षी या. बरं, हे माप अगदीच खोटं नाही. लहान पोराचं डोकं मोठं आणि हात आखूड असतात, पाचव्या-सहाव्या वर्षी हात कानाला लागतो. पुढे मी स्वतः शेकडो पोरांचे हात असे वळवून बघितले.

सकाळी आई-दादा रानात गेले की मी त्याला गोठ्यापाशी उभा करायची. "हात वर. डोक्यावरनं. धर कान." बोटं डोक्याच्या मध्यावर जाऊन थांबायची, तिथून कान परगावी. मग मी त्याच्या दंडाला करडईचं तेल चोळलं. गोठ्यामागच्या लिंबाच्या खालच्या फांदीला त्याला लोंबकळायला लावलं, म्हणजे हात लांब होतील. दुधी भोपळे वेलाला लोंबकळून लांब होतात, मग हात का नाही व्हायचे? तो लोंबकळायचा, रडायचा, मी गुळाचा खडा द्यायची, तो पुन्हा लोंबकळायचा. हात काही लांब झाले नाहीत, गुळाचा डबा मात्र तळाला गेला.

मग माझ्या लक्षात आलं की घोटाळा हातात नाही, केसांत आहे. त्याचे केस म्हणजे पेंढी होती. तेवढी उंची गेली तर बोटभर फायदा. मी आईला सांगितलं, "ह्याच्या डोक्यात लई उवा झाल्यात." उवा खोट्या नव्हत्या, पण गावात कुणाच्या डोक्यात नव्हत्या? दादा त्याला चिंचेखाली न्हाव्याकडे घेऊन गेले आणि तुळतुळीत गोटा करून आणलं. मी लगेच गोठ्यात नेऊन माप घेतलं. बोटं थोडी पुढे सरकली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या गोट्याची पापी घेतली.

त्याला हे का चाललंय हे मुळीच कळत नव्हतं. त्याला शाळेत जायची हौस नव्हती. पण सराव अंगात इतका भिनला की कुणीही 'शाळा' शब्द उच्चारला की त्याचा हात डोक्यावरून निघायचा. एकदा जेवताना दादा काहीतरी शाळेचं बोलले, आणि ह्यानं घास टाकून कान शोधायला घेतला. आईनं बघितलं.

"काय केलं रं? कुनी कान धराय लावला तुला?"

"आक्कानं."

"का गं? काय केलं त्यानं?"

"काय न्हाई. खेळतो आमी," मी म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

शेवटच्या दोन दिवसांत मी त्याला मान थोडी डावीकडे कलती करायला शिकवलं. मान कलली की बोटाचं टोक कानाच्या वरच्या कडेला लागायचं. लागायचं म्हणजे लागायचंच! आता माझ्या मते जगात काही अडचण उरली नव्हती. रविवारी मी आईला सांगून टाकलं की ह्याला पहिलीत घालायचं. आई हसली. "चार वर्साचं पोर? घेनार हाय व्हय गुरुजी?" मी म्हटलं, "घेतलं तर?" आई म्हणाली, "घेतलं तर जा दोघं. न्हाई घेतलं तर दोघं बी माझ्यासंगं रानात. धसकटं येचायची पडल्यात." आईचा शब्द म्हणजे शब्द. ती नियमांच्या बाबतीत हेडमास्तरांना भारी होती.

सोमवारी ती आमच्यासोबत आली. कमरेला खुरपं खोचलेलं, डोक्यावर भाकरीचं फडकं. म्हणजे इथून पुढे कुठे जायचं ते तिनं ठरवूनच आणलं होतं. शाळेच्या ओसरीवर पहिलीच्या पोरांची रांग होती. आई पायरीवर टेकली, खुरपं काढून शेजारी ठेवलं. मी भावाला घेऊन रांगेत उभी राहिले. लिंबाला टोल टांगलेला दिसत होता. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर घटकेला बघितलं.

आमच्या पुढे पाटलांच्या घरचं एक पोर होतं. त्यानं नुसतं डोकं खाजवल्यासारखं केलं आणि कान धरला. मग आमची पाळी.

हेडमास्तर गुरुजींनी भावाकडे बघितलं. त्यांची ओळख पटली. बूट कुणाला विसरता येतो?

"हा?" त्यांनी मला विचारलं.

"पैलीत घालायचाय, गुरुजी."

"किती वर्षांचा?"

"हात पोचतो, गुरुजी."

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्यांनी भावाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, आणि मग दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून म्हणाले, "मान ताठ."

मान ताठचा सराव आम्ही केलाच नव्हता.

भावानं हात डोक्यावरून नेला. तुळतुळीत गोट्यावरून बोटं पलीकडे उतरली आणि कानाच्या वर येऊन थांबली. बोटभर जागा उरली. त्यानं दात-ओठ खाल्ले, टाचा उचलल्या, जणू टाचा उचलल्यानं कान जवळ येतो. मान कलायला लागली तशी गुरुजींनी पुन्हा हनुवटी सरळ केली. बोटभर जागा तशीच.

"अजून एक वर्ष," गुरुजी म्हणाले. आवाज कडक नव्हता. पण पक्का होता.

मागे खुरपं दगडावर घासल्याचा आवाज आला. आईनं ते उचललं होतं आणि ती लुगड्याची धूळ झटकत उठत होती. मी रडले नाही. मला इतका संताप आला होता की रडू सुचलंच नाही. गुरुजींचा राग आला, आईचा आला, त्या आखूड हाताचा आला, आणि नको तिथं शू करणाऱ्या पोराचा तर सगळ्यात जास्त. मी त्याच्याकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता. हात अजून डोक्यावर तसाच होता, कुणी खाली घे म्हटलं नव्हतं म्हणून.

आणि मग त्यानं डावा हात उचलला, स्वतःचा डावा कान धरला, आणि तो वर ओढला. चांगला रग लावून ओढला. कान लाल झाला, ताणला, वर सरकला, आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्याला पकडलं.

"पोचला!" तो ओरडला.

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मी सगळा आठवडा हात लांब करत बसले होते.

मग रांगेतली पोरं हसली, पोरांचे बाप हसले, कोतवाल दाराशी उभा होता तो हलगीवर थाप मारून हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी आधी भावाच्या लाल कानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पायरीवर खुरपं घेऊन उभ्या असलेल्या आईकडे.

"तू चौथीत ना?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"हा आला नाही तर तुला येता येणार नाही. असंच ना?"

मी पुन्हा मान हलवली. गुरुजींनी टोपी काढली, डोक्यावरचा घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नियम काय आहे? कानाला हात पोचला पाहिजे. पोचला. कान कुठून आला, हे नियमात लिहिलेलं नाही."

आणि त्यांनी त्याला पहिलीत घातलं. जन्मतारीख लावली एक जून. तारीख ठाऊक नसलेल्या सगळ्या पोरांना तीच लावायचे. माझ्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे. वर्ष मात्र त्यांनी नियमात बसेल असं लावलं.

आई जराशी घुटमळली. मग पदरानं भावाचं नाक पुसून म्हणाली, "गुरुजी, बुटात मुतला तर हाना त्याला," आणि एकटीच रानाकडे चालू लागली. मी ती वेशीपलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. तिच्या कपाळावर दिवसभर ऊन असणार होतं आणि सोबतीला कुणी नव्हतं, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मला फक्त आनंद झाला होता. गुरुजी म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? टोल दे." मी पळत सुटले. तो टोल मी इतक्या जोरानं दिला की लिंबावरचे कावळे उडाले.

दुसऱ्या दिवशी काय झालं असेल ते सांगायला नको. भावंडं घेऊन येणाऱ्या बाकीच्या पोरी आपापल्या पोरांना रांगेत घेऊन हजर, आणि सगळी पोरं दोन्ही हातांनी कान ओढत उभी! एक तर अडीच वर्षांचं होतं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. पहिलीत काही त्यांनी कुणाला घेतलं नाही, पण परतही पाठवलं नाही. "वर्गात नको, कडेवर नको. ओसरीवर बसू देत," म्हणाले. तेव्हापासून ओसरीच्या कोपऱ्यात एक पोतं धाकट्यांसाठी अंथरलेलं असायचं आणि आम्ही खिडकीतून लक्ष ठेवायचो. साहेब तपासणीला आले की त्यांचे बूट गुरुजी स्वतः उचलून खिडकीत ठेवायचे.

पुढच्या वर्षीच्या दवंडीत एक सूचना वाढली. "हात कानाला पोचला पायजे हो! आन् कान जागच्या जागी पायजे!" सगळं गाव दारात येऊन हसलं. आमचे दादासुद्धा हसले.

मी चौथी झाले, सातवी झाले, पुढे शिक्षिका झाले. भाऊ मागून शिकला आणि पाटबंधारे खात्यात लागला. आयुष्यभर कालव्याची पाणीपाळी बघितली. घरात भांडण झालं की एकच टोमणा मारायचा: "आक्के, तुझ्या चवथीपायी माझी वर्साची नोकरी गेली." कागदावर तो वर्षानं मोठा, म्हणून वर्षभर आधी घरी जाणार. मी म्हणायची, "कान कुनी वढला हुता?"

मागे मेअखेरीस त्याचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, गुलाबी फेटा. त्याच्या साहेबांनी भाषणात सांगितलं की जन्म एक जूनचा, आणि मी पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावला. भाऊ बोलायला उठला. एरवी तासभर बोलणारा माणूस, नीट दोन वाक्यं बोलला नाही. माझ्याकडे बघितलं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला. फेट्यामुळे हात बोटभर कमी पडला. मग त्यानं डाव्या हातानं कान वर ओढला. लोकांना वाटलं, कान धरून सगळ्यांची माफी मागतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "तुला आठवतंय रं ते? चार वर्साचा हुतास."

"शाळा, गुरुजी, काय आठवत न्हाई," तो म्हणाला. फेटा काढून त्यानं मांडीवर घेतला होता. "आईनं खुरपं उचललं आन् मी तुझं तोंड बघितलं. तेवढंच आठवतंय."

मला वाटत होतं, त्याला कुणीतरी शाळेत घालावं म्हणून मी आठवडाभर राबले. शेवटी त्यानंच मला चौथीत घातलं होतं. मी त्याचा डावा कान धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.